जुनी इंजेक्शन गाडी आयडलला बंद पडते? कोकणातल्या गाडीवाल्यांसाठी क्रमवार तपासणी

गाडी रस्त्यावर नीट पळते, पण फेरीबोटीच्या रांगेत किंवा बाजारपेठेत उभी केली की इंजिन थरथरायला लागतं, आरपीएमचा काटा वर-खाली नाचतो आणि कधी गाडी सरळ बंदच पडते. झेन, वॅगन आर, अल्टो, सँट्रो, इंडिका पेट्रोल, जुनी सिटी अशा गाड्या आपल्याकडे अजून घरोघरी आहेत आणि त्या सगळ्यांना कधी ना कधी हे दुखणं होतं. वाईट याचं वाटतं की लोकांचे पैसे उलट्या क्रमानं जातात. आधी सेन्सर बदलतात, मग फ्युएल पंप, मग कोणीतरी म्हणतं "ईसीएम गेलाय" (म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर), आणि शेवटी सापडते चिरलेली व्हॅक्यूम नळी किंवा गंजलेलं अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हचा इंजिन-बॉडीशी असलेला जोड). म्हणून खालचा क्रम फुकटापासून महागाकडे जातो. मधली पायरी गाळू नका.

हे सगळं पेट्रोल एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल फवारणाऱ्या गाड्यांसाठी आहे. डिझेल आणि कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचं गणित वेगळं.

आयडल म्हणजे नेमकं काय चालतं

आयडल म्हणजे गाडी उभी, इंजिन चालू. तेव्हा एक्सलेटरवर पाय नसतो, थ्रॉटलची (इंजिनाकडे जाणाऱ्या हवेची) झडप मिटलेली असते. इंजिनाला लागणारी थोडीशी हवा झडपेला वळसा घालणाऱ्या बारीक वाटेनं जाते. ती वाट कमी-जास्त उघडायचं काम आयडल व्हॉल्व्ह करतो, गॅरेजमध्ये त्याला आयएसी म्हणतात. हवा किती गेली ते सेन्सर सांगतो आणि त्या हिशोबानं ईसीएम इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. समईच्या ज्योतीला हलकी झुळूकही पुरते, तसं आयडलला चिमूटभर जास्तीची हवा किंवा अर्धा व्होल्ट कमी पडणं पुरतं. ८० च्या स्पीडला तोच बिघाड जाणवतही नाही. त्यामुळे "हायवेला तर छान पळते" यावरून इंजिन ठणठणीत आहे असा निष्कर्ष काढू नका.

१. आधी लक्षण लिहून काढा

गॅरेजला जायच्या आधी चार दिवस गाडीत वही ठेवा. केव्हा बिघडतं हे कळलं की निम्मं काम झालं.

- सकाळी थंड असताना बंद पडते, गरम झाली की ठीक: आयएसी, थ्रॉटलमधला कार्बन, कूलंट टेंपरेचर सेन्सर.
- गरम झाल्यावरच मिसिंग मारते (एखादा सिलिंडर मधूनमधून काम करत नाही): कॉइल, क्रँक सेन्सर, पंप.
- एसी लावला की आरपीएम पडतो: आयएसी अडकतोय, किंवा एसीचा सिग्नल ईसीएमपर्यंत पोचत नाही.
- रात्री हेडलाइट आणि वायपर लावल्यावर: बॅटरी, अल्टरनेटर, अर्थिंग.
- पावसात किंवा गाडी धुतल्यावर: प्लग वायर, कॉइल, कनेक्टर.
- गरम इंजिनचा आरपीएम १५०० च्या खाली येतच नाही: कुठूनतरी हवा घुसतेय, किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारी झडप) काढून टाकलेला आहे.

गरम इंजिनचं आयडल बहुतेक गाड्यांत ७०० ते ९०० असतं. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये, काही गाड्यांत बॉनेटखालच्या स्टिकरवरही मिळतो. थंड इंजिन सुरुवातीला १२०० ते १५०० वर चालतं, तो बिघाड नव्हे.

आणि एक गोष्ट जिवाची आहे. घाट उतरताना पाय सोडलेला असतो, तेव्हा ईसीएम पेट्रोल बंद ठेवतो. वळणावर तुम्ही क्लच दाबता तेव्हा आयएसीनं लगेच हवा देऊन इंजिन सावरायचं असतं. ते जमलं नाही तर इंजिन तिथेच बंद पडतं, पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो. कुंभार्ली, आंबोली, करूळ, कुठलाही घाट असो, हा दोष दिसला असेल तर दुरुस्त होईपर्यंत गाडी घाटात घालू नका.

२. काय काय जवळ ठेवायचं

साधा डिजिटल मल्टिमीटर, ८-१०-१२ चे पाने, स्टार आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर, प्लग पाना, थ्रॉटल बॉडी क्लीनर, इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर (हे दोन वेगळे डबे आहेत, एकाचं काम दुसऱ्यानं करू नका), बारीक सँडपेपर, व्हॅसलिन, पाण्याची स्प्रे बाटली, टॉर्च आणि जुनं सुती कापड.

कागदांत आरसी, मागच्या पीयूसीची स्लिप, सर्व्हिसची बिलं आणि गाडीचं मॅन्युअल. आरसीवरचा चॅसी नंबर आणि उत्पादनाचा महिना-वर्ष पार्ट घेताना लागतो, कारण एकाच नावाच्या गाडीत मधल्या काळात इंजिन आणि सेन्सर बदललेले असतात. नुसतं "वॅगन आरचा आयएसी द्या" म्हटलं तर चुकीचा पार्ट हातात पडू शकतो.

काम उघड्यावर करा, बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नका. मुंडू-लुंगी, ओढणी, सैल बाही पंख्यापासून दूर. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही फिरू शकतो.

३. बॅटरी आणि अर्थिंग: कोकणात इथूनच सुरुवात

खारी हवा, वर्षातले चार महिने ओल, आणि गाडी समुद्राच्या वाऱ्यात उभी. देशावरच्या मेकॅनिकच्या यादीत अर्थिंग शेवटी येत असेल, आपल्याकडे ते पहिलं हवं असं माझं ठाम मत आहे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीचे व्होल्ट बघा. साधारण १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ च्या खाली असेल तर ती अर्धीमुर्धीच आहे. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ च्या आसपास दिसायला हवेत.

आता खरी चाचणी. इंजिन चालू, हेडलाइट आणि एसीचा ब्लोअर चालू. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या लहान रेंजवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर टेकवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. तीच मोजणी निगेटिव्ह खांब आणि बॉडी यांच्यातही करा.

गुहागरकडच्या एका गाडीत गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी वरून अगदी ठीक दिसत होती. मीटर मात्र अर्ध्या व्होल्टच्या वर. बोल्ट सोडून पट्टीचं टोक उलटं केलं तर खाली पांढरट-हिरव्या पुडीचा थर, आणि बोल्टभोवतीचा धातू खवले पडल्यासारखा. टोक आणि जागा दोन्ही सँडपेपरनं चमकेपर्यंत घासली, बोल्ट घट्ट केला, वरून व्हॅसलिन लावलं. आकडा जवळपास शून्यावर आला आणि एसी लावल्यावरचं फडफडणं थांबलं. बाकी एकही पार्ट बदलावा लागला नाही.

म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून "अर्थिंग ओके" म्हणू नका, टोक सोडून खालची बाजू बघा. इनटेक मॅनिफोल्डवर किंवा इंजिनवर ईसीएमची बारीक अर्थ वायरही असते, तीही अशीच साफ करा. सेन्सरच्या कनेक्टरमधल्या पिना मात्र सँडपेपरनं घासायच्या नाहीत, त्यांच्यावर पातळ मुलामा असतो. तिथे फक्त कॉन्टॅक्ट क्लीनर.

४. चोरटी हवा शोधा

थ्रॉटलच्या पुढे, म्हणजे इंजिनाकडच्या बाजूला कुठेही नळी चिरली तर न मागितलेली हवा आत जाते. कुठल्या गाडीत काय दिसेल ते सेन्सरवर अवलंबून असतं. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या, म्हणजे मॅप सेन्सरच्या गाड्यांत (जुन्या मारुती बहुतेक याच) ईसीएमला जास्त हवा दिसते, तो पेट्रोलही वाढवतो आणि आयडल चढतं. ते एका मर्यादेपलीकडे गेलं की "पाय तर सोडलाय, मग आरपीएम एवढा का" असं समजून ईसीएम पेट्रोल तोडतो, काटा खाली येतो, पेट्रोल परत सुरू होतं, काटा परत चढतो. गॅरेजमध्ये ज्याला हंटिंग म्हणतात ते बरेचदा हेच. हवेचा प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांत चोरटी हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन थरथरतं.

शोधायचं असं: इंजिन आयडलला ठेवा आणि कान द्या, फुसफुस ऐकू येते का. मग कापड गुंडाळलेल्या पकडीनं एकेक नळी हलकेच चिमटा. जी चिमटल्यावर आयडल एकदम बदलतं त्या नळीच्या किंवा ती जिथे जाते त्या भागाच्या मागे लागा. ब्रेक बूस्टरची जाड नळी, पीसीव्ही व्हॉल्व्हची (इंजिनातले वायू परत आत नेणाऱ्या) नळी, मॅप सेन्सरची बारीक नळी, पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या प्रेशर रेग्युलेटरची नळी, सगळ्या. मॅनिफोल्ड गॅस्केटच्या कडेला स्प्रे बाटलीनं पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला तर गळती तिथे आहे. डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलवर पाणी उडू देऊ नका. काही मेकॅनिक यासाठी पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारतात. तापलेल्या सायलेन्सर पाइपाजवळ त्यानं आग लागू शकते, तसं करू देऊ नका.

नळ्या वाकतात त्या कोपऱ्यात, खालच्या बाजूनं चिरतात. सरळ धरली तर चीर दिसत नाही. बोटांनी वाकवून बघा.

५. थ्रॉटल बॉडी आणि आयएसीची सफाई

एअर फिल्टरची नळी काढून झडप उघडून बघा. कडेला काळी रिंग दिसेल. क्लीनर कापडावर घेऊन पुसा, झडपेच्या मागची कड विसरू नका. सँडपेपर किंवा तारेचा ब्रश वापरू नका. आयएसी बहुधा दोन स्क्रूंवर असतो. काढल्यावर टोक आणि बसायची जागा साफ करा, पण टोक जोरानं दाबू किंवा फिरवू नका आणि मोटरच्या भागात क्लीनर ओतू नका. गॅस्केट फाटलं असेल तर नवीन घाला, नाहीतर चौथी पायरी पुन्हा करावी लागेल.

नंतर बॅटरीचं निगेटिव्ह दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवा (रेडिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधा). परत जोडून एक्सलेटरला हात न लावता गाडी सुरू करा, रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत तशीच चालू द्या, मग थोडा वेळ एसी लावून ठेवा. पुष्कळ गाड्या एवढ्यात नवं आयडल शिकतात, काहींना स्कॅनरनं शिकवावं लागतं.

सगळ्यात मोठा सापळा इथे आहे. थ्रॉटलला एक स्टॉप स्क्रू असतो, बरेचदा त्यावर रंगाचा ठिपका मारलेला असतो. आयडल कमी म्हणून कोणी तो पिळून वाढवून देतं. चार दिवस गाडी बरी वाटते. पण झडप आता पूर्ण मिटत नाही, थ्रॉटल पोझिशन सेन्सर "बंद" दाखवत नाही आणि ईसीएम आयडल सांभाळायचं सोडून देतो. ठिपक्याचा रंग तुटलेला दिसला तर आधी तो स्क्रू जागेवर आणून घ्या. तोपर्यंत बाकीच्या तपासणीला अर्थ नाही.

दुसरा सापळा थर्मोस्टॅटचा. गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकलेल्या गाड्या आपल्याकडे कितीतरी सापडतात. मग इंजिन पुरेसं तापतच नाही. ईसीएमला ते थंडच वाटतं, तो आयडल चढं ठेवतो आणि पेट्रोल जास्त देतो. मायलेज जातं ते वेगळंच. नवा थर्मोस्टॅट स्वस्तात मिळतो, बसवून घ्या. आणि रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतत राहू नका. काही गाड्यांत आयडलचा व्हॉल्व्ह कूलंटच्या उष्णतेवर चालतो. कूलंट कमी पडून तिथे हवेचा बुडबुडा अडकला तर नुसत्या त्यानंसुद्धा हंटिंग होतं.

६. ठिणगी

प्लग काढा आणि कुठला कुठल्या सिलिंडरचा ते क्रमानं मांडा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी, पेट्रोलनं ओला म्हणजे तिथे ठिणगीच पडत नाही. प्लगच्या विहिरीत ऑइल दिसलं तर टॅपेट कव्हरचं गॅस्केट गेलंय. आधी ते बदला, नाहीतर नव्या वायरीही खराब होतील.

कुठला सिलिंडर काम करत नाही हे बघायला चालू इंजिनवर प्लगच्या वायरी उपटू नका. जबर शॉक बसतो आणि कॉइलही जाऊ शकते. त्याऐवजी एकेका इंजेक्टरचं कनेक्टर काढा. जे काढल्यावर आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर दोषी. पावसाळ्यातल्या तक्रारीसाठी अंधारात बॉनेट उघडून दुरून बघा. वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर अख्खा सेट बदला.

७. पेट्रोल

चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद पंपाची गुणगुण यायला हवी. फिल्टर किती जुना आहे ते बिलात बघा. प्रेशर गेज असलेल्या गॅरेजमध्ये दाब मोजून घ्या. बहुतेक गाड्यांत तो तीन बारच्या आसपास असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलप्रमाणे. रेग्युलेटरच्या व्हॅक्यूम नळीत पेट्रोलचा वास किंवा थेंब दिसला तर त्यातला पडदा फाटलाय. दाबाखालची पेट्रोलची लाइन घरी सोडू नका.

आता पंपांवर मिळतं ते बहुतेक २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. एप्रिल २०२३ च्या आधीच्या पुष्कळ गाड्यांचे रबरी भाग त्यासाठी बनवलेले नाहीत, तेव्हा नळ्या, ओ-रिंग दरवर्षी तपासा. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, तो फिल्टरमध्ये जातो. शिवाय ते ओल ओढून घेतं. चाकरमान्यांची गावातली गाडी जूनपासून गणपतीपर्यंत अर्ध्या टाकीवर उभी असते. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि पंप तिथूनच ओढतो. चतुर्थीला गाडी सुरू होऊन लगेच बंद पडते, त्याचं हे एक कारण. पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा, आणि गावात कोणाला तरी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी फिरवायला सांगा. नुसती जागेवर चालू करून बंद करणं पुरत नाही.

८. सेन्सर आणि कोड, आता

ओबीडी म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष कोड म्हणून नोंदवायची सोय. आपल्याकडे ती सक्तीची झाली एप्रिल २०१० पासून, टप्प्याटप्प्यानं. त्याआधीच्या गाडीत स्वस्तातलं ब्लूटूथ ओबीडी उपकरण चालेलच असं नाही. अशा गाडीला त्या कंपनीचा प्रोटोकॉल वाचणारा स्कॅनरवाला शोधा. काही जुन्या गाड्यांत कनेक्टरची दोन टोकं तारेनं जोडून चेक लाइटच्या लुकलुकण्यावरून कोड वाचतात. वायरिंगचं मॅन्युअल हाताशी नसेल तर हा प्रयोग करू नका.

कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणजे सेन्सर गेला असं नाही. वायर, पिन, अर्थिंग, काहीही असू शकतं. मीटरनं खात्री करा. कूलंट सेन्सरचा रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत २०-२५ अंशांना दोन ते तीन किलोओहम आणि ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टपासून चारच्या वर, मध्ये कुठेही उडी न मारता चढायला हवा. मॅप सेन्सर किनाऱ्यावर, चावी ऑन पण इंजिन बंद असताना चारच्या आसपास आणि आयडलला एक ते दीड व्होल्टच्या जवळ दाखवतो.

नव्या स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) दिसत असेल तर तो जरूर बघा. आयडलला ट्रिम बराच अधिक आणि २५०० आरपीएमला सामान्य, म्हणजे चोरटी हवा. उलट लोड दिल्यावर तो वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय.

९. उंदीर आणि पूर

इंजेक्टरच्या वायरी उंदरांना फार आवडतात. भाताचं कोठार जवळ असेल तर पावसाळ्यात आठवड्याला बॉनेट उघडा. एअर फिल्टरच्या डब्यात काड्या, कापूस, लेंड्या सापडतात. कुरतडलेली वायर नुसती टेप गुंडाळून ठेवली तर आतलं तांबं काळं पडतं आणि दोष महिन्यांनी परत येतो. सोल्डर करून वर हीटश्रिंक नळी चढवून घ्या.

पुरात बुडालेली गाडी सेल्फ मारून बघू नका, सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि स्वस्तात सेकंडहँड घेत असाल, विशेषतः जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरलं त्या काळात तिथे असलेली गाडी, तर कार्पेटखाली गाळ आहे का, सीटबेल्ट पूर्ण ओढल्यावर शेवटी चिखलाची रेघ आहे का, ते बघा. ईसीएम पुष्कळ गाड्यांत डॅशबोर्डखाली पायाजवळ असतो, त्याच्या पिनांवर हिरवट थर असेल तर ती गाडी सोडा.

१०. गॅरेजवाल्याशी काय बोलायचं

"गाडी मिसिंग मारते, बघा जरा" एवढं सांगून चावी देऊ नका. वहीतली लक्षणं, व्होल्टचे आकडे आणि तुम्ही काय काय साफ केलंय ते सांगा. पार्ट बदलायचा म्हणाले तर कुठल्या मोजणीवरून, हे नम्रपणे विचारा. चांगला मेकॅनिक अशा गिऱ्हाइकावर रागावत नाही, उलट मनापासून काम करतो. ईसीएम बदलायचा असेल तर आधी दुसऱ्या चालू गाडीचा, त्याच नंबरचा लावून बघायला सांगा. जुना पार्ट परत मागून घ्या. मुंबईत कुर्ल्याहून जुना पार्ट मागवणार असाल तर त्यावरच्या नंबराचा फोटो पाठवा.

दुरुस्तीनंतर पीयूसी काढा आणि स्लिप नीट वाचा. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलला सीओची (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादा ०.३ टक्के आणि एचसीची (न जळलेलं पेट्रोल) २०० पीपीएम आहे. सीओ जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. सीओ कमी पण एचसी खूप जास्त म्हणजे कुठलातरी सिलिंडर अजून मिस होतोय, तेव्हा पुन्हा सहाव्या पायरीवर जा. आरसीची १५ वर्षं भरत आली असतील तर हे सगळं फिटनेसच्या तारखेआधी दोन महिने उरकून घ्या, पार्ट मागवण्यातच पंधरा-वीस दिवस जातात.